चिंध्या आणि गोधडी

हैदराबादच्या कोठी भागात गुजराती गल्ली नावाची एक गजबजलेली बाजारपेठ आहे. रेझिस्टर, कपॅसिटर, तारांची भेंडोळी, लहानमोठे ट्रान्सफॉर्मर असे इलेक्ट्रॉनिक सामान तेथे मिळते. दुरुस्तीवर पोट भरणारे कारागीर या गल्लीत येतात, तसे विद्यार्थी आणि हौशी गृहस्थही येतात. अशा हौशी माणसाला एकच छंद असावा, असे सहसा घडत नाही. घरात छोट्या आगगाडीचे रूळ मांडणारा मनुष्य तिच्या सिग्नलांसाठी विजेच्या जोडण्या शिकतो. गाडी धावू लागली की तिचे छायाचित्र घ्यावेसे वाटते आणि मग फिल्म धुण्यासाठी घरातील न्हाणीघराची अंधारी खोली होते. वडीलधारी मंडळी हा पसारा पाहतात आणि म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या!’

हा ठपका जुना आहे आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. तथापि ज्या घरात चिंध्या साठतात त्याच घरात गोधडीही शिवली जाते, हे आपण विसरतो. तेव्हा अनेक छंद असणे हा दोष की गुण, याचा निवाडा इतिहासाकडेच मागितलेला बरा. त्यासाठी फार दूर जावयास नको. गुजराती गल्लीपासून जवळच ती वास्तू उभी आहे, जिच्यावरून या भागाला कोठी हे नाव पडले.

ही वास्तू म्हणजे ब्रिटिश रेसिडेन्सी. 1798 ते 1805 या काळात रेसिडेंट असलेल्या जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने तिची उभारणी आरंभिली. तिच्या जागेविषयी एक गोष्ट सांगतात. कर्कपॅट्रिकने निजाम अली खान यांच्याकडे जमीन मागितली आणि तिचा एक भला मोठा नकाशा काढून त्यांच्यापुढे ठेवला. निजामांनी तो पाहिला आणि मागणी नाकारली. पुढे उलगडा झाला तो असा की, निजामांच्या डोळ्यांखालून एरवी जात तो साऱ्या राज्याचा नकाशा, आणि हा नकाशाही जवळजवळ तेवढाच! तोच नकाशा लहानशा कागदावर काढून नेला, तेव्हा जमीन आनंदाने मंजूर झाली. जमीन तेवढीच होती. बदलले होते ते केवळ प्रमाण.

याच रेसिडेन्सीच्या आवारात कोठीची एक छोटी प्रतिकृती बांधलेली होती. कर्कपॅट्रिकची पत्नी खैरुन्निसा बेगम पडदा पाळीत असल्याने तिला दर्शनी बाजूकडे येता येत नव्हते. आपले घर समोरून कसे दिसते हे तिला कळावे म्हणून ती प्रतिकृती घडविली, अशी आख्यायिका आहे. मोठी कोठी पुरी होण्याच्या आधीच, 1805 साली, कर्कपॅट्रिक कलकत्त्यास वारला. 1949 पासून या वास्तूत महिला महाविद्यालय भरू लागले आणि पुढे त्याचे विद्यापीठ झाले. ज्या घराचा दर्शनी भाग एका स्त्रीला प्रतिकृतीतून पाहावा लागला असे सांगतात, त्याच घराच्या पायऱ्या मुली शिक्षणासाठी चढू लागल्या. लहान प्रमाणावर घडविलेली वस्तू म्हणजे निव्वळ खेळणे नव्हे. जे एरवी आवाक्याबाहेर असते, ते तिच्यामुळे माणसाच्या नजरेच्या टप्प्यात येते.

एका विद्येतून दुसरी विद्या कशी निघते, हे पाहण्यास राजा दीनदयाळ यांचे उदाहरण उत्तम होय. 1844 साली मीरतजवळ सरधना येथे जन्मलेले दीनदयाळ रुडकीच्या महाविद्यालयात स्थापत्य शिकले आणि इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले. मोजमाप आणि आराखडे हे त्यांचे काम. 1874 च्या सुमारास नोकरी सांभाळून ते फावल्या वेळात छायाचित्रे घेऊ लागले. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारात ते छायाचित्रकार झाले आणि सिकंदराबादला त्यांनी आपला स्टुडिओ थाटला. त्यांनी टिपलेल्या राजवाड्यांच्या आणि मंदिरांच्या चित्रांत जो रेखीव तोल दिसतो, त्यात आराखडे काढणाऱ्या हाताची शिस्त उतरली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. पहिली विद्या वाया गेली नाही. ती दुसरीच्या पाठीशी उभी राहिली.

मात्र नाण्याला दुसरी बाजू आहे. हैदराबादचेच नवाब जफर जंग यांना खगोलशास्त्राची अतोनात आवड होती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी 15 इंची दुर्बीण आणली आणि आकाशाची छायाचित्रे घेणारे दुसरे यंत्रही मिळविले. 1907 साली ते निवर्तले, तेव्हा खरे काम व्हावयाचेच होते. 1908 साली निजाम सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली. साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची यादी करावयाची, असा एक उपक्रम तेव्हा जगातील अनेक वेधशाळांनी मिळून चालविला होता. त्यात दक्षिण आकाशातील 17 ते 23 अंशांचा पट्टा निजामिया वेधशाळेकडे आला. काचेच्या तबकड्यांवर आकाश टिपावयाचे, मग त्यावरील एकेक ठिपका मोजावयाचा, असे हे किचकट काम कित्येक वर्षे चालले आणि लाखो ताऱ्यांची स्थाने निश्चित झाली. यंत्र आणणे ही हौस झाली. त्या यंत्रापुढे वर्षानुवर्षे बसणे ही साधना होय. छंद यांपैकी कोठे थांबतो, यावर त्याचे मोल ठरते.

रेडिओचीही कथा अशीच. कोठीहून थोड्या अंतरावर असलेल्या चिराग अली गल्लीत महबूब अली नावाच्या गृहस्थांनी 200 वॉट शक्तीचे खाजगी ध्वनिक्षेपण केंद्र चालविले होते. 1935 साली ते निजाम सरकारने आपल्याकडे घेतले आणि त्यातून ‘दख्खन रेडिओ’ नावारूपाला आला. उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नड या भाषांनाही त्यावर स्थान मिळाले. आजच्या मानाने 200 वॉट म्हणजे काहीच नव्हे. पण एका घरातून निघालेल्या तेवढ्याशा आवाजामागून साऱ्या संस्थानाचा आवाज आला.

ही झाली एकेका माणसाच्या एकेका ध्यासाची उदाहरणे. परंतु एकाच मनुष्याने अनेक विद्या हाताळल्या, आणि तो वाया गेला असे जगाला वाटत असताना त्या एकत्र आल्या, याचा दाखला हवा असेल तर महाराष्ट्राकडे वळले पाहिजे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 1870 साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकले. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रण आणि छपाईचे ठसे बनविण्याची कृती आत्मसात केली. 1892 साली अहमदाबादच्या प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळाले. नंतर त्यांनी गोध्र्यास छायाचित्रांचा व्यवसाय केला, जादूचे प्रयोग केले, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली आणि छापखानाही काढला. तोही भागीदारांशी न पटल्याने सुटला. चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थाकडे पाहून 1911 साली कोणीही ती चिंध्यांची म्हण म्हटली असती.

त्याच वर्षी मुंबईत फाळक्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. आपल्या देवांची चरित्रेही अशीच पडद्यावर यावीत, या विचाराने त्यांना झपाटले. रात्रंदिवस अभ्यास करून काही काळ त्यांची दृष्टी गेली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते 1912 साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. कुंडीत पेरलेला वाटाणा कसा वाढतो, याचे त्यांनी टप्प्याटप्प्याने चित्रण केले आणि ते दाखवून भांडवल उभे केले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्यात देखाव्यांना चित्रकला उपयोगी पडली, रसायनांना छायाचित्रण, चमत्कारांना जादू आणि रंगभूमीच्या मांडणीला त्या प्रतिकृतीचा अनुभव. एकही चिंधी फुकट गेली नव्हती. चित्र हुबेहूब कसे उमटवावे, हा एकच धागा त्या साऱ्यांतून ओवलेला होता.

पण या गोधडीचे निम्मे टाके सरस्वतीबाईंनी घातले, हे सांगितल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. फिल्मला भोके पाडणे, रसायने मिसळणे, साऱ्या माणसांचा स्वयंपाक करणे आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, ही कामे त्यांनी केली. पुरुषाचा छंद बहुधा घराच्या खर्चाने चालतो. फाळक्यांच्या घरी छंदाचा संसार झाला, कारण पत्नीला त्यात केवळ झीज सोसावयाची नव्हती. काम करावयाचे होते. जेथे घरच्या माणसाच्या वाट्याला फक्त झीज येते, तेथे वडीलधाऱ्यांचा ठपका खराच मानावा लागेल.

पुण्यात कोथरूडला 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले झालेले जोशी यांचे लघु-रेल्वे संग्रहालय या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. रुळांवरून धावणाऱ्या छोट्या गाड्या, त्यांचे सिग्नल, भोवतीचे चिमुकले शहर आणि हे सारे हलविणारी वीज यांचा मेळ तेथे घातला आहे. एका मनुष्याच्या हौसेतून ते उभे राहिले आणि मुलांच्या अनेक पिढ्यांचे झाले.

तेव्हा निवाडा छंदांच्या संख्येवर होत नाही. त्यांच्यात एक धागा आहे काय, हाती घेतलेले काम पुरे होते काय आणि घरचे माणूस त्यात सोबतीला आहे काय, हे पाहावे. शिवाय कोठीचा धडाही लक्षात ठेवावा. मोठ्या कागदावर जे मागितले ते नाकारले गेले. लहान कागदावर तेच मिळाले. संसारी माणसाने आपल्या छंदांचे नकाशे याच मापाने काढावेत. मग गुजराती गल्लीतून मूठभर सामान घेऊन सायंकाळी घरी परतणाऱ्याला दारात कोणी अडविणार नाही. कदाचित दिवा धरायलाही कोणीतरी पुढे येईल.