जुन्या दोरवाल्या खोदकाम मशीनचा क्लच झटका का देतो? कारणं आणि उपाय

आज सोलापुरात विहीर खोदायची म्हटली की सगळे ‘पोकलेन’ बोलावतात. हे नाव खरं तर पोक्लेन या फ्रेंच कंपनीचं. ही मशीन तेलाच्या दाबावर, म्हणजे हायड्रॉलिकवर चालते. पण भीमा नदीवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, त्या काळात पोलादी दोर, ड्रम आणि क्लचवर चालणारी मशीन सर्रास वापरात होती. टेल्कोने १९६१ साली अमेरिकेच्या पी अँड एच कंपनीच्या सहकार्याने अशी मशीन भारतात बनवायला घेतली. ‘९५५’ हे त्यातलं ओळखीचं मॉडेल.

झटका म्हणजे नेमकं काय?

या मशीनमध्ये बकेट उचलणं, मशीन फिरवणं अशा कामांना वेगवेगळे क्लच असतात. लिव्हर हळू ओढला की क्लच आधी थोडा घसरून मग पकडायला हवा. तो एकदम पकडला तर दोराला हिसका बसतो. दोर तुटला, तर खाली उभ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून ‘चालतंय तोवर चालू दे’ इथे नको.

त्यामागचं गणित

बैलाचा दोर खांबाला दोन-तीन वेढे मारून धरला की एका हातानेही बैल थांबतो. ड्रमला बाहेरून आवळणारा पट्टा तसाच काम करतो. पट्टा ३०० अंशांत गुंडाळलेला आहे असं धरा. घर्षण गुणांक ०.३ असेल तर एका टोकाचा ताण दुसऱ्या टोकाला सुमारे ४.८ पट होतो. गुणांक ०.४ झाला की तोच सुमारे ८ पट! म्हणजे घर्षण जरासं वाढलं तरी पकड भलतीच वाढते.

लक्षणावरून कारण ओळखा

• फक्त सकाळी किंवा पावसाळ्यानंतर झटका: ड्रमवर गंज, लायनिंगमध्ये ओल.
• कधी घसरतो, कधी चिकटतो: ऑइल सील गळून लायनिंगला तेल किंवा ग्रीस लागलेलं.
• प्रत्येक फेरीत एकाच जागी झटका: ड्रम वाकडा किंवा बेअरिंग ढिलं.
• लिव्हर अडकून मग उडी मारतो: पिना झिजलेल्या, सांधे कोरडे.
• तापल्यावर जास्त पकडतो: बाहेरचा पट्टा फार आवळलेला. ड्रम तापून फुगतो आणि फट संपते.

दुरुस्ती कशी करतात?

१. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा.
२. मोबाइलवर प्रत्येक पिन-स्प्रिंगचा फोटो घ्या. अॅडजस्टिंग नट किती फेरे फिरवला, तेही लिहून ठेवा.
३. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारू नका, कोरडं घासू नका. योग्य मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोलने धुणंही नको, आगीचा धोका असतो.
४. आधी तेलाची गळती बंद करा. नाहीतर नवं लायनिंगही महिनाभरात वाया जाईल. तेल मुरलेलं लायनिंग बदलाच.
५. ड्रमवर खडू लावून क्लच हाताने फिरवा. लायनिंगवर खडू सगळीकडे सारखा उमटला तर बैठक बरोबर. ठिपके-ठिपके दिसले तर ड्रम टर्नरकडे न्या.
६. नवं लायनिंग कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच घ्या. ‘जास्त पकडणारं’ घेतलं की झटका परत येतो.
७. सुरुवातीला रिकामी बकेट उचला-उतरवा, थंड होऊ द्या, मग पुन्हा अॅडजस्ट करा.

हे लक्षात ठेवा

झटका येतोय म्हणून थेट नट ढिला करू नका. मग क्लच घसरतो, तापतो आणि लायनिंग जळतं. आधी कारण शोधा, नटाला हात सगळ्यात शेवटी. आणि हे काम एकट्याने नाही, अशा मशीनवर हात बसलेल्या फिटरसोबतच करा.