कन्सोलचे कंट्रोलर घरच्या संगणकावर: नऊ पिनांपासून ब्लूटूथपर्यंत

कन्सोलचा कंट्रोलर घरच्या संगणकाला जोडण्याची पद्धत घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. तिचे मूळ अटारी या अमेरिकन कंपनीच्या एका साध्या जॉयस्टिकमध्ये सापडते. १९७७ साली अटारीने पुढे ‘अटारी २६००’ म्हणून प्रसिद्ध झालेला कन्सोल विक्रीस आणला. त्याच्यासोबत एक दांडी आणि एक बटण असलेली जॉयस्टिक मिळे. तिच्या केबलच्या टोकाला इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचा, नऊ छिद्रांचा प्लग होता. आत चार दिशांचे चार आणि बटणाचा एक असे पाच स्विच होते. प्रत्येक स्विचला स्वतंत्र तार होती आणि ग्राउंडची तार सर्वांना सामाईक होती. दांडी डावीकडे झुकवली की डाव्या दिशेची तार ग्राउंडला टेके आणि यंत्राला त्या पिनेवर शून्य मिळे. जॉयस्टिकमध्ये एकही चिप नव्हती.

१९७९ मध्ये अटारीने ४०० आणि ८०० हे दोन घरगुती संगणक काढले. त्यांच्या पुढच्या बाजूला तेच नऊ पिनांचे चार पोर्ट होते. घरातल्या कन्सोलची जॉयस्टिक काढून संगणकाला लावली की काम होत असे. कमोडोर या प्रतिस्पर्धी कंपनीनेही आपल्या व्हिक-२० आणि १९८२ च्या कमोडोर ६४ या संगणकांवर हीच मांडणी घेतली. पुढे १९८५ मध्ये आलेल्या अमिगा आणि अटारी एसटी या संगणकांवरही ती टिकून राहिली. कोणत्याही मानक ठरवणाऱ्या संस्थेने ठराव केलेला नसताना नऊ पिनांचा हा प्लग एका पिढीचा सामाईक प्लग झाला. मांडणी साधी होती आणि जॉयस्टिका घरोघरी पोहोचलेल्या होत्या, म्हणून हे घडले.

या साधेपणाच्या काही अडचणीही होत्या. कमोडोर ६४ मध्ये कीबोर्ड आणि जॉयस्टिक वाचण्याचे काम एकाच चिपकडे होते. पहिल्या पोर्टातल्या जॉयस्टिकचे बटण दाबले की संगणकाला स्पेसबार दाबल्यासारखे वाटे आणि दांडी हलवली की पडद्यावर नको ती अक्षरे उमटत. त्यामुळे एकट्याने खेळण्याच्या बहुतेक गेमांनी दुसरा पोर्ट पसंत केला.

ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेल्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमवर जॉयस्टिकचा पोर्टच नव्हता. ती उणीव इतर उत्पादकांनी भरून काढली. केम्पस्टन कंपनीचा इंटरफेस संगणकाच्या मागच्या बाजूला खोचला की अटारी पद्धतीची जॉयस्टिक चालू लागे. सिंक्लेअरने स्वतः १९८३ मध्ये ‘इंटरफेस २’ आणला, पण त्याची रीत निराळी होती. त्यात जॉयस्टिकची हालचाल कीबोर्डवरच्या अंकांच्या कळांसारखी वाचली जाई. परिणामी अनेक गेमांच्या सुरुवातीला ‘कीबोर्ड, केम्पस्टन की सिंक्लेअर’ अशी निवड विचारली जाऊ लागली. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने या संगणकाची परवानाप्राप्त आवृत्ती विकली, त्यामुळे हा संगणक इथल्या काही घरांतही पोहोचला.

प्लग बसला म्हणजे कंट्रोलर चाललाच असे नाही, हे सेगाच्या यंत्रांनी दाखवून दिले. १९८८ मध्ये जपानमध्ये आलेल्या मेगा ड्राइव्हच्या पॅडलाही नऊ छिद्रांचाच प्लग होता. मात्र त्यावर दिशांखेरीज तीन बटणे आणि ‘स्टार्ट’ होते. इतक्यांसाठी तारा पुरत नव्हत्या, म्हणून पॅडमध्ये एक निवड-चिप बसवली गेली. कन्सोल सातव्या पिनेवरून इशारा देई आणि त्यानुसार चिप कधी एका, तर कधी दुसऱ्या बटणाची स्थिती त्याच तारेवर पाठवी. चिपला लागणारे पाच व्होल्ट पाचव्या पिनेवर येत. अटारी आणि कमोडोरच्या पद्धतीत पाच व्होल्टची पिन सातवी होती. त्यामुळे हा पॅड जुन्या संगणकात बसे, पण सगळी बटणे चालत नसत आणि विजेच्या पिना जुळत नसल्याने संगणकाच्या चिपलाही धोका असे.

आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या पीसीसाठी वेगळाच मार्ग धरला. त्याचा गेम पोर्ट पंधरा पिनांचा होता आणि त्याची जॉयस्टिक ॲनालॉग होती. दांडीच्या हालचालीबरोबर आतल्या पोटेन्शिओमीटरचा रोध बदले, त्या रोधातून एक कपॅसिटर चार्ज होई आणि त्याला लागणारा वेळ प्रोसेसर स्वतः मोजत बसे. प्रोसेसरचा वेग वाढला की मोजणीचे आकडे बदलत, म्हणून खेळण्याआधी जॉयस्टिक कॅलिब्रेट करावी लागे. या पोर्टावर एकूण चार अक्ष आणि चार बटणे मावत. विमान चालवण्याच्या गेमांना ते पुरे होते, उड्या मारण्याच्या आणि मारामारीच्या गेमांना ते अपुरे होते. कॅनडातल्या ॲडव्हान्स्ड ग्रॅव्हिस कंपनीने १९९१ मध्ये पीसीसाठी कन्सोलच्या धर्तीचा गेमपॅड काढला. चार बटणे वापरायची तर त्यालाही दुसऱ्या खेळाडूची दोन बटणे उसनी घ्यावी लागत.

याच काळात कन्सोलचा कंट्रोलर झपाट्याने बदलत होता. गुन्पेई योकोई यांनी निन्टेन्डोच्या १९८२ च्या हातातल्या ‘डॉन्की काँग’ गेमसाठी अधिकच्या चिन्हाच्या आकाराचे दिशाबटण तयार केले होते. १९८३ च्या फॅमिकॉम कन्सोलने ते घेतले आणि दांडीची जागा अंगठ्याखालच्या पॅडने घेतली. या पॅडमध्ये ४०२१ या क्रमांकाची शिफ्ट रजिस्टर चिप असे. कन्सोलने ‘लॅच’चा इशारा दिला की चिप आठही बटणांची स्थिती एका क्षणी टिपून घेई. मग घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक, अशा रीतीने ती माहिती एकाच तारेवरून बाहेर पडे. कवायतीला ओळीने उभ्या असलेल्या मुलांनी शिट्टी वाजताच क्रमाने आपापला आकडा पुकारावा, तशी ही रचना होती. ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट आणि नंतर चार दिशा असा तो क्रम होता. १९९० च्या सुपर फॅमिकॉममध्ये बारा बटणे आली आणि ठोके सोळा झाले, तत्त्व मात्र तेच राहिले.

नव्वदीच्या दशकात भारतात मिळणारे ‘समुराई’सारखे टीव्ही गेम ही फॅमिकॉमचीच अनुकृती होती. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत मुलांच्या हाती पहिला गेमपॅड आला तो बहुधा अशाच यंत्राचा. या पॅडना अनेकदा नऊ छिद्रांचा प्लग असे. बाहेरून तो अटारीचा भासे, पण आतून वाहणारे संदेश निन्टेन्डोच्या पद्धतीचे होते.

शिफ्ट रजिस्टरच्या या सोप्या रचनेमुळेच कन्सोलचे पॅड पीसीला जोडण्याचा सर्वांत उत्साहाचा काळ आला. १९९७ च्या सुमारास नेसटिकल आणि झेडस्नेससारखे इम्युलेटर आले आणि निन्टेन्डोचे जुने गेम पीसीवर चालू लागले. ते गेम कीबोर्डवर खेळताना हात अवघडत, त्यामुळे मूळ पॅडच संगणकाला लावण्याची इच्छा होणे साहजिक होते. उपाय प्रत्येक पीसीच्या मागे होताच, तो म्हणजे प्रिंटरचा पॅरलल पोर्ट. त्याच्या आठ डेटा पिनांवर प्रोग्राम हवा तसा इशारा देऊ शकतो आणि पाच पिनांवरून स्थिती वाचू शकतो. एक पिन घड्याळासाठी आणि एक लॅचसाठी वापरायची, उरलेल्या पिना डायोडमधून एकत्र करून पॅडला वीज पुरवायची आणि पॅडचा डेटा एका वाचन-पिनेवर घ्यायचा, एवढेच सर्किट होते. सोल्डरिंग येणाऱ्या विद्यार्थ्याला ते एका संध्याकाळी जमण्यासारखे होते. वाचनाच्या पिना पाच असल्याने एका पोर्टावर पाच पॅड लावता येत.

विंडोजसाठी डायरेक्टपॅड प्रो हा ड्रायव्हर या कामी प्रसिद्ध झाला. लिनक्समध्ये चेक प्रोग्रामर वोयतेख पावलिक यांनी ‘गेमकॉन’ हा ड्रायव्हर लिहिला आणि त्याचे सर्किट लिनक्सच्या अधिकृत दस्तऐवजात समाविष्ट झाले. कन्सोल कंपन्यांनी आपल्या पॅडची संदेशपद्धत जाहीर केलेली नव्हती. हौशी तंत्रज्ञांनी ती तारांवरचे संकेत तपासून शोधली आणि सर्वांना खुली केली. हे ज्ञान खुले राहिले, म्हणूनच आजही ते पॅड वापरता येतात.

नवे पॅड मात्र अधिक अवघड होत गेले. सोनीच्या १९९४ च्या प्लेस्टेशनचा पॅड आदेश घेऊन उत्तर देणाऱ्या दुहेरी पद्धतीने बोले आणि १९९७ च्या ड्युअलशॉकमध्ये दोन ॲनालॉग दांड्या व कंपनाच्या मोटारी आल्या. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ चा पॅड एकाच तारेवर प्रश्न आणि उत्तर दोन्ही चालवी आणि त्यातला एकेक बिट चार मायक्रोसेकंदांत संपे. इतकी अचूक वेळ सांभाळणे सामान्य ऑपरेटिंग सिस्टिमला कठीण होते. त्यातच विंडोज २००० आणि एक्सपीने प्रोग्रामांना पोर्टाशी थेट बोलण्यास मनाई केली. पीपीजॉयसारख्या ड्रायव्हरने काही काळ वाट काढली, पण पॅरलल पोर्टच नव्या संगणकांवरून नाहीसा होत गेला.

त्याची जागा यूएसबीने घेतली. १९९६ च्या या मानकातला ‘एचआयडी’ हा वर्ग कंट्रोलरसाठी फार महत्त्वाचा ठरला. त्यात उपकरण स्वतःच संगणकाला सांगते की आपल्याकडे इतकी बटणे आणि इतके अक्ष आहेत. त्यामुळे प्रत्येक पॅडसाठी वेगळा ड्रायव्हर लिहिण्याची गरज उरली नाही. प्लेस्टेशनचे पॅड यूएसबीला जोडणारे स्वस्त ॲडॉप्टर बाजारात आले, तसेच ड्युअलशॉकच्या घडणीचे यूएसबी पॅडही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत ते सहज मिळत. हौशी मंडळी लहान मायक्रोकंट्रोलर वापरून स्वतःचे ॲडॉप्टर बनवू लागली. ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या ऑस्ट्रियन कंपनीच्या व्ही-यूएसबी या खुल्या सॉफ्टवेअरमुळे साध्या एव्हीआर चिपलाही यूएसबी बोलता येऊ लागले.

मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर मुळात यूएसबीच होता, केवळ प्लगचा आकार बदललेला होता. केबल कापून साधा यूएसबी प्लग जोडला आणि एक्सबीसीडी हा हौशी ड्रायव्हर घातला की तो पीसीवर चाले. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० ने ही आडकाठी काढून टाकली. त्याच्या तारेच्या कंट्रोलरला नेहमीचा यूएसबी प्लग होता आणि विंडोजचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टनेच दिला. त्यासोबत ‘एक्सइनपुट’ ही नवी प्रोग्रामिंग पद्धत आली. तिच्यात प्रत्येक बटणाचे नाव आणि स्थान आधीच ठरलेले असल्याने गेम बनवणाऱ्यांचे काम हलके झाले. चारच कंट्रोलर आणि ठरावीक बटणे ही तिची मर्यादा होती, तरी बहुतेक पीसी गेमांनी ती स्वीकारली. ज्यांच्याकडे दुसरे पॅड होते, त्यांना आता आपला पॅड एक्सबॉक्सचा आहे असे गेमला भासवावे लागे.

प्लेस्टेशनच्या पॅडबाबत नेमके हेच झाले. २००६ च्या प्लेस्टेशन ३ चा पॅड यूएसबी आणि ब्लूटूथ दोन्ही वापरी, पण संगणकाने एक विशिष्ट आदेश दिल्याशिवाय तो बटणांची माहिती पाठवत नसे. २०१३ चा ड्युअलशॉक ४ याबाबत सरळ निघाला. डीएस४विंडोज हा प्रोग्राम त्याचे संदेश एक्सबॉक्स ३६० च्या रूपात बदलून गेमपुढे ठेवी. २०१६ मध्ये सोनीने पीसीसाठी बिनतारी ॲडॉप्टर विकायला घेतला. त्याच वर्षी एक्सबॉक्स वन एस सोबतच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ आले आणि व्हॅल्व्ह कंपनीच्या स्टीम या गेम-विक्री मंचाने ड्युअलशॉक ४ ला थेट पाठिंबा दिला. निन्टेन्डो स्विचच्या प्रो कंट्रोलरला तो २०१८ मध्ये मिळाला. २०१९ मध्ये ॲपलच्या मॅकवर आणि आयफोनवरही एक्सबॉक्स व प्लेस्टेशनचे पॅड चालू लागले. ड्युअलसेन्स या आपल्या पुढच्या पॅडसाठी सोनीने २०२१ मध्ये लिनक्सचा अधिकृत ड्रायव्हर दिला.

आज उरलेली मुख्य अडचण बटणांच्या जागांची आहे. एक्सबॉक्सचे ‘ए’ बटण खाली असते, तर निन्टेन्डोचे उजवीकडे. एसडीएलसारखी खुली लायब्ररी आणि स्टीमचे सॉफ्टवेअर प्रत्येक पॅडची नोंद ठेवून ही जुळवाजुळव करतात. याच लवचीकपणातून एक मोलाची गोष्ट साध्य झाली आहे. मायक्रोसॉफ्टच्या २०१८ च्या एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरवर बाहेरचे स्विच आणि पेडल जोडण्यासाठी ३.५ मिलिमीटरचे १९ जॅक आहेत. हातांची हालचाल मर्यादित असलेली व्यक्ती कोपराने, पायाने किंवा हनुवटीने दाबता येणारे स्विच जोडून कन्सोलवर आणि विंडोजच्या संगणकावर खेळू शकते.

या साऱ्या इतिहासात कंट्रोलर आणि संगणक यांच्यामध्ये अडसर आला तो प्रामुख्याने बंद ठेवलेल्या पद्धतींचा. अटारीची मांडणी सर्वांना वापरता आली म्हणून ती दोन दशके टिकली. निन्टेन्डोचा जुना पॅड आजही चालतो, कारण त्याची पद्धत कोणीतरी शोधून लिहून ठेवली. यूएसबीने आणि ब्लूटूथने तोच मोकळेपणा मानकांत आणला. उपकरण कसे बोलते हे उत्पादकाने उघड सांगितले, तर ते त्याच्या मूळ यंत्रापेक्षा कितीतरी अधिक काळ उपयोगी पडते.