एका पांढऱ्या रेषेचा इतिहास

यकृताच्या रोगाची चाहूल पूर्वी रोग्याच्या डोळ्यांत दिसे. आतां ती कागदावर उमटते. घरांतील वडील माणसें ज्या नजरेनें डोळ्यांचा पिंवळेपणा न्याहाळीत, त्याच नजरेनें आतां रक्तपरीक्षेचे आंकडे न्याहाळले जातात. शास्त्र न शिकलेल्यासही आंकड्याशेजारीं छापलेली मर्यादा वाचतां येते, आणि आपला आंकडा तिच्या किती पट आहे हा हिशेब त्यास कोणी शिकवावा लागत नाहीं.

हा कागद फार जुना नव्हे. हॉलंडमधील हिजमन्स व्हॅन डेन बर्ग यांनीं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, एर्लिकनें शोधिलेल्या रंगक्रियेच्या आधारें, रक्तांतील बिलिरुबिन मोजण्याची रीत बसविली. १९५४-५५ सालीं न्यूयॉर्क येथें कार्मेन, व्रोब्लेव्स्की व लाड्यू यांनीं ट्रान्सअमिनेज नांवाचीं द्रव्यें मोजलीं. आणि मौज अशी कीं, त्यांचा पहिला उपयोग हृदयरोगांत झाला, यकृताकडे दृष्टि मागाहून वळली. हीं द्रव्यें पेशींच्या आंत असतात. पेशी दुखावली म्हणजे तीं रक्तांत झिरपतात. म्हणजे हा आंकडा यकृतास झालेली इजा सांगतो, त्याच्या अंगीं उरलेलें बळ सांगत नाहीं. तीव्र काविळींत तो हजारांच्या घरांत जाऊन कांहीं आठवड्यांत उतरतो, आणि माणूस पूर्ववत् कामास लागतो. उलट आंकडा उतरत असूनही रक्त गोठण्यास लागणारा वेळ वाढत असेल, तर तें चिन्ह वाईट. घरांतल्यांचें लक्ष मात्र मोठ्या आंकड्यावरच खिळतें, आणि त्याबद्दल त्यांस दोष देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आमच्याकडे कावीळ "उतरविणारे" गांवोगांव असत, अजूनही आहेत. कोणी गळ्यांत माळ घालतो, कोणी हातावर चुना चोळून पिंवळें पाणी काढून दाखवितो. दूषित पाण्यापासून होणारी कावीळ बहुधा आपोआपच बरी होते, त्यामुळें यशाचें श्रेय माळेस मिळतें. परंतु तीच कावीळ गर्भवती स्त्रीस झाली तर प्राणावर बेतूं शकते; तेथें माळेचा भरंवसा धरणें म्हणजे अमूल्य वेळ दवडणें होय.

रक्तावाटे पसरणाऱ्या काविळीची गोष्ट निराळी. तिचें मूळ शोधण्यास कोणी निघालेंच नव्हतें असें म्हटलें तरी चालेल. बारूख ब्लुम्बर्ग हे निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तांतील भेद पाहत होते. दोन सीरम एका गोठविलेल्या थरांत समोरासमोर ठेवावयाचीं, आणि त्यांची गांठ पडून पांढरी रेषा उमटते कीं काय हें पाहावयाचें, अशी त्यांची रीत. वारंवार दुसऱ्याचें रक्त घ्यावें लागलेल्या एका रोग्याचें सीरम ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासीच्या सीरमशीं असें जुळलें. ह्या द्रव्यास "ऑस्ट्रेलिया अँटिजेन" असें नांव पडलें; १९६५ सालीं तें प्रसिद्ध झालें. काविळीशीं त्याचें नातें आहे असा संशय पुढें फिलाडेल्फिया येथील त्यांच्या प्रयोगशाळेंत बळावूं लागला.

१९६७ च्या आरंभीं त्याच प्रयोगशाळेंतील एका सहायिकेस प्रकृति बरी वाटेना. संशय तिला ठाऊक होता, रीत तिच्या हातची होती. एका सायंकाळीं तिनें आपलेंच सीरम त्या थरांत ठेवलें. रेषा उमटावयास रात्र जावी लागते. ती रात्र कशी जाते हें ज्या घरानें असल्या कागदाची वाट पाहिली आहे त्यास सांगावयास नको. सकाळीं रेषा होती: फिकट, पण स्पष्ट. ह्या परीक्षेनें ओळखलेला काविळीचा हा पहिला रोगी. पुढें तिला कावीळ भरली, आणि सुदैवानें ती पूर्ण बरी झाली. ब्लुम्बर्ग यांनीं १९७६ च्या आपल्या नोबेल व्याख्यानांत ही हकीकत आवर्जून सांगितली आहे. रोगी व परीक्षक एकच, असा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासांत विरळाच.

ह्या रेषेच्या आधारें रक्तपेढ्यांतील रक्त पारखलें जाऊं लागलें. आणि वाहकांच्या रक्तांतून तेंच द्रव्य शुद्ध करून केलेली लस १९८१ सालीं अमेरिकेंत मान्य झाली. प्रौढपणीं हा विषाणु शिरला तर शंभरांत नव्वदांहून अधिक माणसें त्यास बाहेर घालवितात. जन्मतः शिरला तर बहुतेकांत तो ठाण मांडतो. म्हणूनच वैद्य सहा महिने थांबावयास सांगतात. त्या अवधींत रेषा पुसली गेली तर उत्तम; न पुसली तर रोग चिरकालिक समजावा. त्यास आवर घालणारीं औषधें आज आहेत, समूळ उच्चाटन मात्र क्वचितच साधतें.

"सी" जातीच्या काविळीचें दैव अधिक चांगलें निघालें. १९८९ पर्यंत तिला धड नांवही नव्हतें. "ए नव्हे, बी नव्हे" एवढीच तिची ओळख. २०१३ नंतर मात्र अशा गोळ्या आल्या कीं, शंभरांतील पंचाण्णवांच्या आसपास रोगी बहुधा दोन-तीन महिन्यांच्या औषधानें मुक्त होतात. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनीं रक्त पुन्हां पाहतात. त्यांत विषाणु आढळला नाहीं, तर तो गेला असें धरतात.