नेपथ्यकाराचें मौन

पडदा उघडतांच जी टाळी पडते ती नेपथ्याला. परंतु नेपथ्यकाराची खरी कसोटी त्या टाळीनंतरच लागते, असें आम्हांस वाटतें. बर्लिनचे हेर्मान वार्म (१८८९–१९७६) यांची कारकीर्द या दृष्टीनें मननीय आहे. रंगभूमीवर उमेदवारी करून ते चित्रपटांकडे वळले. १९२० सालच्या ‘डॉक्टर कॅलिगारी’ या मूकपटासाठीं रायमान व रोरिग या चित्रकारांसह त्यांनीं वांकड्या भिंती, कललेल्या खिडक्या, इतकेंच नव्हे तर सावल्याहि रंगवून टाकिल्या. भ्रमिष्टाचें मन तेथें भिंतींतूनच बोलूं लागलें. पुढें ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाच्या, जोन ऑफ आर्कच्या खटल्यावरील १९२८ च्या मूकपटासाठीं वार्म आणि व्हिक्टर ह्यूगोचे पणतू झां ह्यूगो यांनीं मोठ्या खर्चानें मध्ययुगीन दुर्ग उभारिला. पडद्यावर मात्र तो फारसा दिसतच नाहीं. दिसतो तो जोनचा चेहरा व मागें कोरी भिंत. श्रम वायां गेले, असें कोणी म्हणेल. आम्ही तसें मानीत नाहीं. ज्या भिंतींत नटांनीं तो खटला अनुभविला, त्या प्रेक्षकांस दिसल्याच पाहिजेत असें थोडेंच आहे? कथेसाठीं बोलणें आणि कथेसाठींच मागें सरणें, हीं दोन्ही वार्म यांना साधलीं. त्यांचें मोठेपण आम्हांस त्यांतच दिसतें.