कर्मसिद्धान्त : भोग की कर्तव्य ?

उभे पीक हातचे गेले, तरणाताठा मुलगा अकाली गेला, की खेड्यापाड्यांतून एकच उद्गार निघतो : ‘ज्याचे त्याचे कर्म !’ खचलेल्या मनाला या शब्दाने धीर मिळतो, हे खरे. परंतु शेजाऱ्याच्या मदतीला धावणारे पाऊलही याच शब्दाने कित्येकदा मागे ओढले आहे. म्हणून हा विचार मुळात कसा उदयास आला व काळाच्या ओघात त्याचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

वेदकाळी आरंभी ‘कर्म’ म्हणजे प्रामुख्याने यज्ञकर्म. विश्वाचा तोल राखणाऱ्या नियमाला ऋग्वेदाने ‘ऋत’ असे नाव दिले. सूर्याचे उगवणे, ऋतूंचे फिरणे व माणसाचे सत्याने वागणे ही सारी एकाच नियमात बसतात, अशी ती कल्पना होती. वरुण हा त्या नियमाचा रक्षक. पुढे ब्राह्मणग्रंथांनी ऋणाचा विचार मांडला. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी व पितर यांचा ऋणी असतो. शतपथ ब्राह्मणाने यात चौथे, मनुष्यांचे, ऋण सांगितले व ते इतरांना आश्रय आणि अन्न देऊन फेडावे, असे म्हटले. तोल आपोआप राहत नाही, तो राखावा लागतो, हे त्यातील मर्म होय.

कर्माला आजचा अर्थ आला तो उपनिषदांत. बृहदारण्यकात राजा जनकाच्या यज्ञसभेतील प्रसंग आहे. मनुष्य मेल्यावर त्याचे काय उरते, असे आर्तभागाने विचारले. तेव्हा याज्ञवल्क्यांनी त्याचा हात धरून त्याला सभेबाहेर नेले. दोघे एकान्तात बोलले ते कर्माविषयीच. पुण्याने मनुष्य पुण्यवान होतो व पापाने पापी, हे त्या संवादाचे सार.

बौद्धांनी कर्माचे मूळ हेतूत पाहिले. जैनांनी कर्म म्हणजे आत्म्याला चिकटणारे सूक्ष्म द्रव्य मानले व तपाने ते झडते, असे सांगितले. वेदान्ताने कर्माचे संचित, प्रारब्ध व क्रियमाण असे तीन भाग केले. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर संचित म्हणजे कणगीतले धान्य, प्रारब्ध म्हणजे ताटात वाढलेले आणि क्रियमाण म्हणजे आज हाताने पेरीत असलेले. ताटातले बदलता येत नाही. पेरणी मात्र आपल्या हाती असते.

दुर्दैवाने समाजाने प्रारब्धच धरून ठेवले. छांदोग्य उपनिषदात आचरणानुसार वरची वा हीन योनी मिळते, असे आले आहे. त्या बीजाचा पुढे वृक्ष झाला आणि जन्माने आलेली हीनता हे पूर्वपापाचे फळ ठरले. संत चोखामेळ्यांच्या अभंगांत ही भाषा दिसते; आपला जन्म त्यांनी मागच्या दोषाचे फळ मानला. मात्र त्यांचे पुत्र कर्ममेळा यांनी हा हिशेब निमूटपणे स्वीकारला नाही. आम्हाला हीन करून जन्मभर उष्टे खावयास लावलेस, याची तुला लाज कशी नाही, असा रोकडा सवाल त्यांनी विठ्ठलाला केला. नाव कर्ममेळा, आणि प्रश्न कर्माच्या अन्यायालाच ! मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून १३३८ साली चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापुढे आहे, आत नव्हे.

ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली स्वधर्माचरण हाच नित्य यज्ञ असल्याचे सांगितले होते. तोच धागा लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात उचलला. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी कर्मसंन्यासापेक्षा निष्काम कर्म श्रेष्ठ ठरविले. परंतु कर्म करावयाचे तर दारे कोणासाठी उघडी ? २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, पण दार उघडले नाही. १९५६ साली त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात कर्माचा नियम आहे. परंतु तो गतजन्मीच्या पापाचा नसून याच जगातील नैतिक व्यवस्थेचा आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले आणि ते दार उघडले. चोखोबा गेल्यास तेव्हा सहाशे नऊ वर्षे झाली होती.

या इतिहासाचा बोध सरळ आहे. कर्माचा हिशेब प्रत्येकाने स्वतःचा मांडावयाचा असतो. दुसऱ्याच्या दुःखाचा नव्हे. स्वतःच्या बाबतीत ‘माझे कर्म’ म्हणणे ही नम्रता आहे. दुसऱ्याच्या बाबतीत ‘त्याचे कर्म’ म्हणणे हा कठोरपणा आहे.

नव्या बांधकामापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक, अशी परंपरेची श्रद्धा आहे. खचलेला दगड पुन्हा जागेवर बसविला की शिखराचा तोल सावरतो. गावात जो खचला असेल त्याला हात देऊन उभे करणे, हाही जीर्णोद्धारच होय. मंदिराचे दार सर्वांना सारखे उघडे राहिले, तरच गावाचे हे क्रियमाण कर्म खऱ्या अर्थाने सफळ झाले, असे म्हणता येईल.