दोन ओबोल गालात ठेवा

खिसा चाचपू नका. अंगाभोवती गुंडाळलेल्या या लोकरी वस्त्राला खिसा नाहीच. सुटी नाणी तोंडात धरायची, दाढ आणि गाल यांच्या मधल्या जागेत, इथे सगळे तसंच करतात. चांदीचे ओबोल इतके बारीक असतात की अंधारात हातावर माशाचं खवलं ठेवलं तरी पटकन कळायचं नाही. दोन आहेत ना? गिळू नका, आत सोडणारा माणूस ते मागून घेणार आहे.

इ.स.पू. 431 चा वसंत. गाव अथेन्स. उजाडायला अजून अवकाश आहे आणि गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. समुद्र जहाजांना पुन्हा मोकळा झालाय, त्यामुळे बंदरातून परगावचे पाहुणे रोज येताहेत. कोपराला कोपर लागतंय. दिव्याच्या तेलाचा वास, शेजारच्याच्या तोंडाचा लसणाचा वास आणि या सगळ्याच्या वर कालपासून हवेत लटकलेला जळक्या चरबीचा वास. तुम्हाला चालायची गरजच नाही, गर्दी नेतेय तिकडे जायचं.

डोकं जड झालंय, साहजिक आहे. डायोनिसस देवाच्या उत्सवाच्या मिरवणुकीत काल तुम्ही होताच. चामड्याच्या बुधल्यांतून दारू वाहणारे नागरिक, किरमिजी वस्त्रं नेसून ताटं मिरवणारे शहरात स्थायिक झालेले परके लोक, डोक्यावर सोन्याची करंडी घेतलेली मुलगी, आणि खांद्यांवर तोललेली भलीमोठी लाकडी लिंगं. ती पाहून कुणी मान खाली घातली नाही. देवाचं काम आहे, लाजायचं कशाला? मग बैल कापले गेले, धूर झाला, मांस वाटलं गेलं.

आणि नाच झाले. अथेन्सचे दहा गण. प्रत्येक गणाचे पन्नास पुरुष आणि पन्नास मुलगे, म्हणजे एका उत्सवात हजार जण गोल धरून नाचत गातात. मधोमध एकच वादक. त्याच्या तोंडात दोन नळ्या, त्यांना औलॉस म्हणतात. आपल्या सनईसारखीच जिभाळी असलेलं वाद्य, पण एका वेळी दोन फुंकायची. गाल फाटू नयेत म्हणून त्याने चेहऱ्याभोवती चामड्याचा पट्टा आवळलेला असतो. जवळून पाहिलंत तर पट्ट्याच्या कडेला घाम साचलेला दिसेल. हा हजाराचा आकडा मनात राहू द्या. गणातला कुणी तरी श्रीमंत माणूस पदरचा पैसा घालून महिनोन्‌महिने तालमी करून घेतो, आणि कुंभार, कोळी, तेली, कुणीही त्या गोलात उभा राहतो. आज तुमच्या आजूबाजूला बसणाऱ्या माणसांतले कितीतरी कधी ना कधी तिथे नाचून आलेले आहेत. इथे नाटक बघणं म्हणजे काय, ते या एका गोष्टीवरून उमगतं.

चला, चढा. ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर लाकडी फळ्यांच्या रांगा आहेत. संगमरवरी रंगमंदिर मनात धरून आला असाल तर ते विसरा, ते नंतरचं. आज बुडाखाली फळी आणि फळीला कुसं. उशी आणली नाही? मग सायंकाळपर्यंत सोसा. मागच्याचे गुडघे तुमच्या पाठीत, तुमचे पुढच्याच्या. “पाहुणे, सरका जरा,” म्हणत एक कुंभार शेजारी घुसतो. नखांत माती, केसांना भट्टीचा धूर, डोक्यावर पानांची माळ. त्याच्याजवळ भाजलेल्या हरभऱ्यांची पुरचुंडी आहे. मूठभर तुम्हाला देतो आणि आपण कोणत्या वर्षी कोणत्या ओळीत नाचलो ते न विचारता सांगतो.

खाली डुकराची पिल्लं फिरवून जागा शुद्ध करताहेत. रक्ताचा तो ओला, लोखंडी वास वरपर्यंत येतो. सेनापती देवाला दारू अर्पण करतात. पुढच्या मानाच्या आसनावर डायोनिससचा पुजारी बसलाय. डावीकडे हायमेटस डोंगरामागून ऊन वर सरकतंय. तासाभरात ते तोंडावर येईल, मग दिवसभर हटणार नाही. दवंडीवाला नाव पुकारतो: युरिपिडीस. त्याची आज चार नाटकं. यादीत पहिलं नाव ‘मेडिया’.

लाकडी घरासमोर एक म्हातारी दाई येऊन बोलू लागते. तागाच्या कापडाचा रंगवलेला मुखवटा, त्याला चिकटवलेले केस, उघडं तोंड. आत पुरुष आहे. बालगंधर्वांचा स्त्रीपार्ट ज्यांच्या घरात तीन पिढ्या आठवला जातो, त्या मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. नट फक्त तीन, सगळी पात्रं त्यांच्यातच वाटलेली. इतक्या दुरून मुखवट्याची रेघ न रेघ दिसत नाही, पण मानेची चाल दिसते. दाईची मान खाली जाते तेव्हा कुंभार चघळायचा थांबतो.

तेवढ्यात आतून, बंद दारामागून, मेडियाची किंकाळी येते. बोललेली नाही, गायलेली. अंगावर काटा आला ना? मलाही दर वेळी वाचताना येतो, आणि दर वेळी चुटपुट लागते, कारण वाचताना फक्त शब्द हाती येतात. त्यांची चाल इथेच, या उतारावर राहिली. युरिपिडीसने संगीतही स्वतः बांधलंय, समूहाला पावलंही शिकवलीत. शब्द पुढे अडीच हजार वर्षं जातील, चाल आणि पावलं जाणार नाहीत. ऐका, नीट ऐका. याच हरवलेल्या गाण्याचा अदमास बांधायला फ्लॉरेन्समधली काही मंडळी सोळाव्या शतकाच्या अखेरीस बसणार आहेत, आणि त्या खटपटीतून ऑपेरा जन्माला येणार आहे. त्यांनी कानांनी ऐकलेलं काहीच नव्हतं. तुम्ही ऐकताय.

कॉरिंथच्या बायकांचा समूह आत येतो. पंधरा पुरुष, पंधरा पांढुरके मुखवटे. औलॉसचा सूर छातीच्या फासळीत घुमतो. तुडवून घट्ट झालेल्या मातीवर पावलं पडतात आणि धूळ गुडघ्यापर्यंत उठते. शेजारी बघा: कुंभाराचा पायही फळीवर तेच मोजतोय. त्याच्या शेजारच्याचाही. अख्खा उतार बारीक थरथरतोय.

अर्थात, याच टाचा नाटक आवडलं नाही की फळ्या बडवून नटाला हाकलूनही देतात. नट वाईट असले की प्रेक्षक खाणं जास्त खातात, असं पुढे शंभरेक वर्षांनी ॲरिस्टॉटल लिहून ठेवणार आहे. म्हणजे रंगमंचाकडे न बघताही नाटक कसं चाललंय ते कळतं, कान हरभऱ्यांकडे द्यायचे. मेडियाला टाकून राजकन्येशी लग्न करणारा तिचा नवरा जेसन तोऱ्यात आपली बाजू मांडू लागतो तेव्हा चहूकडून कुटुरकुटुर सुरू होते. मग दूत येतो. मेडियाने मुलांच्या हाती पाठवलेलं वस्त्र आणि मुकुट राजकन्येने हौसेनं कसा घातला, आरशात पाहून कशी हसली, आणि मग विषाने तिचं मांस हाडांवरून कसं वितळत गेलं. दूत हातवारेही फारसे करत नाही. नुसतं सांगतो. कुटुरकुटुर पार थांबलीय.

आता आतून मुलांचे आवाज. समूहातल्या बायका दाराशी घोटाळतात, आत जात नाहीत. जेसन धावत येतो, दार उघडा म्हणून ओरडतो. सगळ्या उताराची नजर त्या दारावर खिळलीय, कारण या लोकांना रीत माहीत आहे: आत खून झाला की दार उघडतं आणि चाकांच्या पाटावरून प्रेतं बाहेर ढकलतात. कुंभार मान पुढे काढून वाट बघतोय. दार उघडत नाही. आणि वर, छपराच्याही वर, सूर्याच्या रथात मेडिया उभी आहे, तिनेच मारलेली दोन्ही मुलं तिच्याजवळ, जेसनचा हात पोचणार नाही इतक्या उंच. ती जागा देवांची. शिक्षा व्हायला हवी ती बाई तिथे जाऊन उभी राहिलीय आणि खाली नवरा मुलांना शेवटचं शिवू दे म्हणून विनवतोय. माझ्या मते रंगभूमीवर याहून धीट जागा फार थोड्या आहेत, आणि ती सारी कमाल कुठलं दार बंद ठेवायचं हे ठरवण्यात आहे. तुमच्या पुढचा माणूस उभा राहिलाय, मागचे त्याला शिव्या घालताहेत.

नंतरच्या तासांत आणखी दोन शोकनाटकं होतात. ऊन डोक्यावरून कलतं, बुधले रिकामे होतात, मानेवरची कातडी भाजते. शेवटी घोड्याची शेपटी लावलेल्या सॅटिरांचा धुडगूस, आणि सकाळपासून घट्ट झालेले गळे हसून मोकळे होतात. ही तिन्ही नाटकं पुढे हरवणार आहेत, म्हणून उठू नका, लघवीला सुद्धा.

तिघा नाटककारांच्या स्पर्धेचा निकाल उत्सवाच्या अखेरीला. चिठ्ठ्या टाकून निवडलेले दहा परीक्षक, त्यांच्या मतांतलीही काहीच मडक्यातून काढून मोजायची, म्हणजे देवालाही थोडा वाव. पहिला युफोरियन, एस्किलसचा मुलगा. दुसरा सोफोक्लीस. युरिपिडीस तिसरा. तिघांत तिसरा.

तुम्ही ओरडायला तोंड उघडता. पण कुंभाराचं निकालाकडे लक्ष नाही. पलीकडच्या गणातल्या एका तेल्याशी त्याचं जुंपलंय: मेडियाच्या समूहाने दुसऱ्या गाण्यात वळताना आधी डावं पाऊल टाकलं की उजवं? तेली म्हणतो उजवं. कुंभार म्हणतो, तू झोपला होतास. दोघे फळीवर उभे राहतात आणि गात गात नाचून दाखवू लागतात, फळी करकरते, कुणाची तरी दारू सांडते, मागच्या तीन रांगा एका आवाजात ओरडतात: खाली बसा! तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा मात्र काठी आपटून म्हणतो, दोघंही चूक, आणि तोही उठतो.