पॉवर ट्रिम म्हणजे काय? जुन्या रेसिंग बोटींचा वेग बदलणारं एक छोटं बटण

तारकर्लीला स्पीडबोटीत बसलात तर बोटवाल्याच्या अंगठ्याकडे नीट बघा. मी बघितलं होतं. थ्रॉटलच्या दांड्यावर एक छोटं बटण होतं. त्याने ते दाबलं की मागून घूंऽऽ असा बारीक आवाज यायचा आणि बोटीचं पुढचं टोक हळूच वर उचललं जायचं. एक्सलरेटर तेवढाच, पण वेग वाढलेला! विचारलं तर म्हणाला, "ट्रिम मारली." त्या दिवसापासून मी या बटणाच्या मागे लागलो, आणि त्याची गोष्ट जुन्या रेसिंग बोटींपर्यंत जाऊन पोचली.

आधी ट्रिम म्हणजे काय ते समजून घेऊया

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन. या फळीला ट्रान्सम म्हणतात. इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे पंखा, या फळीच्या जवळ ओढायचा की लांब ढकलायचा, हा जो कोन असतो तोच ट्रिम.

– पंखा आत ओढला (ट्रिम इन): बोटीचं पुढचं टोक खाली दबतं. सुरुवातीला बोट पाण्यावर चढवताना आणि वळणावर हे उपयोगी.
– पंखा बाहेर ढकलला (ट्रिम आउट): पुढचं टोक वर येतं. बोटीचा कमी भाग पाण्याला घासतो, म्हणून सरळ मार्गावर वेग वाढतो.
– फारच बाहेर ढकलला: बोट डॉल्फिनसारखी उड्या मारायला लागते. पंख्यात हवा शिरते, इंजिन नुसतं ओरडतं आणि पकड जाते.

थोडक्यात सांगायचं तर "बरोबर कोन" असा एकच नसतो. तो दर क्षणाला बदलतो. सगळी अडचण इथेच होती.

पिनचा जमाना

ओले एव्हिन्रूड यांनी अमेरिकेत १९०९ मध्ये बाजारात आणलेलं आउटबोर्ड जेमतेम दीड हॉर्सपॉवरचं होतं. तेव्हा ट्रिमची चिंता कोणाला? पुढे ताकद वाढली, शर्यती सुरू झाल्या, पण कोन बदलायची पद्धत अगदी साधी राहिली. ब्रॅकेटला भोकांची रांग असायची आणि त्यातल्या एका भोकात लोखंडी पिन घालायची. इंजिन त्या पिनला टेकून उभं राहायचं.

पिन बदलायची तर बोट थांबवावी लागे. म्हणजे शर्यतीचा कोन काठावरच ठरायचा. कल्पना करा, फोनचा ब्राइटनेस घरातून निघतानाच फिक्स करायचा आणि उन्हात गेल्यावर बदलता येणार नाही! सरळ मार्गासाठी कोन ठेवला तर वळणावर बोट पकड सोडायची, वळणासाठी ठेवला तर सरळ मार्गावर मागे पडायची. छोट्या हायड्रोप्लेन बोटीत चालक गुडघ्यांवर बसून स्वतःचं वजन पुढे-मागे करायचा. त्याचं शरीर हाच त्याचा ट्रिम होता.

मग बटण का आलं?

कारण इंजिनं मोठी झाली. कार्ल कीकहेफर यांच्या मर्क्युरी कंपनीने १९५७ साली सहा सिलिंडरचं, ६० हॉर्सपॉवरचं 'मार्क ७५' आणलं. १९६२ मध्ये त्यांचं १०० हॉर्सपॉवरचं इंजिन आलं. एवढं धूड हाताने उचलून पिन बदलणं म्हणजे कसरतच. शिवाय बोटी आता अंगाने हलवून सावरण्याइतक्या हलक्या राहिल्या नव्हत्या. १९६० च्या दशकात पॉवर ट्रिम मिळू लागलं आणि मोठ्या इंजिनांच्या शर्यतींत ते रुळलं.

आत नेमकं काय असतं?

बॅटरीवर चालणारी १२ व्होल्टची एक मोटर. ती तेलाचा पंप फिरवते. तेल सिलिंडरच्या एका बाजूला गेलं की दांडा बाहेर येतो आणि इंजिन ढकलतो. मोटर उलटी फिरली की तेल दुसऱ्या बाजूला जातं आणि इंजिन आत येतं. बटण सोडलं की व्हॉल्व्ह तेल अडवून धरतात, त्यामुळे इंजिन आहे तिथेच थांबतं. पाण्यातल्या ओंडक्याला धडक बसलीच तर एक सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन वर उडतं, म्हणजे खालचा गिअरबॉक्स वाचू शकतो.

सुरुवातीला पंप बोटीच्या आत बसवलेला असे आणि तिथून रबरी नळ्या मागे इंजिनापर्यंत जात. पुढे पंप, टाकी आणि सिलिंडर असं सगळं ब्रॅकेटच्या मधल्या जागेतच बसवू लागले.

याची किंमतही होती: वजन. पंप, तेल, सिलिंडर, वर बॅटरी. म्हणून लहान वर्गातल्या रेसिंग बोटी पिनवरच राहिल्या.

वेग अंगठ्यावर, धोकाही अंगठ्यावर

इटलीतल्या कोमो सरोवराकाठच्या अँजेलो मोलिनारी यांनी दोन तळांच्या, मध्ये बोगदा असलेल्या बोटी गाजवल्या. या बोगद्यात हवा कोंडते आणि बोटीला वर उचलते. अशा बोटीत थ्रॉटल पायाखाली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर, म्हणून ट्रिमची बटणं बोटांच्या टप्प्यात आणली गेली. वळणाआधी आत, वळण संपलं की बाहेर, हे प्रत्येक फेरीत करायचं.

पण बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं आणि समोरून वाऱ्याचा झोत आला, तर बोगद्याखाली शिरलेली हवा पूर्ण बोट मागे उलथवते. याला ब्लोओव्हर म्हणतात. १९८० च्या दशकात ३.५ लिटरची व्ही-८ इंजिनं आली आणि वेग आणखी वाढला. १९८४ च्या हंगामात चालकांचे जीव गेले. त्यानंतर ब्रिटिश डिझायनर ख्रिस हॉजेस यांच्या मजबूत सुरक्षा-कॅप्सूलचा वापर वाढला. पिन चालकाला हळू ठेवायची, पण चुकूही देत नव्हती. बटणाने निर्णय त्याच्या हातात दिला आणि चूकही.

जुनं इंजिन हाताळत असाल तर

१. वर उचललेल्या इंजिनाखाली फक्त तेलाच्या भरवशावर जाऊ नका. आधी लॉक किंवा आधार लावा.
२. हाताने सोडायचा व्हॉल्व्ह उघडला की इंजिन धाडकन खाली येऊ शकतं.
३. इंजिन आपोआप हळूहळू खाली येत असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय असं समजा.
४. जुन्या रबरी नळ्यांना बारीक चिरा दिसल्या की बदला. कंपनीने सांगितलेलंच तेल भरा.

आज वेग ओळखून आपोआप ट्रिम करणारी यंत्रणाही मिळते. तरी पुढच्या वेळी स्पीडबोटीत बसाल तेव्हा तो अंगठा बघाच. बोटवाला बटण दाबून लगेच सोडतो, मग बोट काय म्हणते ते ऐकतो, आणि मगच पुन्हा दाबतो. रेसर लोकांनी जीव धोक्यात घालून शिकलेली गोष्ट हीच आहे: थोडं दाबा, थांबा, बघा.